डावीकडची घडी

शोभाताईंच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती. एक सरळ काम करणारी आणि दुसरा त्यांचा नवरा. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, पण हे मत काही बदललं नव्हतं. नागपुरातल्या नंदनवन भागातल्या त्यांच्या दुकानावर ‘नत्थू सीट मेकर’ अशी पाटी होती. ती नत्थूनं स्वतःच्या हातानं ठोकलेली, म्हणजे अर्थातच वाकडी. शोभाताईंनी ती सरळ करायला कितीदा तरी स्टूल ओढलं आणि दर वेळी तसंच परत ठेवलं.

दोघं होते तेव्हा कामं वाटलेली होती. सीटचा पत्रा, स्प्रिंगा, काथ्या, फोम, म्हणजे आतला सगळा भराव नत्थूचा. वरचं रेक्झिन कापणं आणि मशीनवर शिवणं शोभाताईंचं. आता आतून-बाहेरून त्याच होत्या आणि त्यांच्या कामात खोट काढायची कुणाची टाप नव्हती. सीट तयार झाली की तिच्यावर एक फळी आडवी टाकायची आणि फळीवर पाण्यानं काठोकाठ भरलेली वाटी ठेवायची, ही त्यांची परीक्षा. पाणी जरा जरी एका बाजूनं सांडलं, की टाके उसवून पुन्हा भराव. नत्थूला या वाटीचा भारी राग. “वाटी बसनार आहे का वं सीटवर?” असं तो विचारायचा. वर त्याचं ठरलेलं असायचंच, “चालते वं!”

त्या ‘चालते’पेक्षाही शोभाताईंना राग होता तो चहाचा. गिऱ्हाईक सीट घेऊन आलं, की नत्थू आधी सीटकडे बघायचाच नाही. माणसाला खिडकीजवळच्या लाकडी स्टुलावर बसवायचा, टपरीवाल्याला हाक मारायचा आणि गाव कोणतं, पेरणी झाली का, पोरगी कुठं दिली, अशा चौकशा लावायचा. मध्येच त्या पाहुण्यालाच म्हणायचा, “तो वरचा डबा द्या ना जरा.” बिचारा उठून डबा द्यायचा, पुन्हा बसायचा. मशीनमागून शोभाताई डोळे वटारून बघत असायच्या. लोक काम द्यायला आलेत की कामाला लागायला, हेच कळेनासं व्हायचं.

नत्थू गेल्यावर शोभाताईंनी दुकानातल्या दोन गोष्टी बंद केल्या. एक चहा आणि दुसरं ‘चालते’.

त्या सोमवारी जितेंद्र नावाचा पंचेचाळिशीचा गृहस्थ मोटरसायकलच्या कॅरिअरला काहीतरी बांधून दुकानासमोर उतरला. गोणपाट सोडलं तर आत एक सीट. सुपाएवढी, पाठीला जरा उचललेली, आणि उंदरांनी पार फस्त केलेली.

“ताई, ट्रॅक्टरची सीट करता का तुमी?”

“ट्रॅक्टरची?” शोभाताईंनी चष्मा वर केला. “पोरायच्या खेळन्यातला ट्रॅक्टर आहे का भाऊ?”

जितेंद्र हसला. “बगीच्यातला आहे. सिव्हिल लाइन्सच्या एका बंगल्यात साहेब लोकं त्याच्यानं गवत कापत. बाबानं लिलावात घेतला, माह्या लहानपनी. आमी त्याले ठेंगू म्हनतो.”

मग उभ्याउभ्याच त्यानं सगळं सांगितलं. दिघोरीच्या पुढे, उमरेड रोडला त्यांची नर्सरी. आंब्याची, लिंबाची, फुलझाडांची कलमं. मोठा ट्रॅक्टर वाफ्यांमधल्या वाटांवर शिरतच नाही, ठेंगू बरोबर शिरायचा. मागे चिमुकली ट्रॉली जोडून जितेंद्रचे वडील, रुपराव, दिवसभर त्याच्यावर असायचे. तीन वर्षांपूर्वी इंजिन बंद पडलं. तोवर रुपरावांचंही चालणं सुटलं होतं. तेव्हापासून ते फाटकाशी खाट टाकून बसतात. मागची आमराई त्यांनी स्वतःच्या हातानं लावली, पण तीन वर्षांत तिचं एक पान पाहिलेलं नाही. कडेवर उचलून नेतो म्हटलं तर अंगावर धावून येतात.

“म्हनून मी यंदा इंजिन बांधून घेतलं. चालते आता मस्त. फक्त सीट राह्यली.” जितेंद्रनं गोणपाट गुंडाळून कॅरिअरला लावलं. “एक हॉटेलवाला मागे लागला आहे ताई. त्याले ठेंगू गेटवर उभा करायचा आहे, लायटिंग लावून. रविवारी येऊन राहिला. बाबा बसू शकले तं मी काही देत नाही. नाही बसू शकले तं ठेवून काय करू? त्यायच्या डोळ्यासमोर सडते, ते पाहवत नाही मले.”

शोभाताईंना हे भिडलं. त्या तोंडानं फटकळ होत्या, पण बापासाठी धडपडणारा मुलगा दिसला की आतून विरघळायच्या. त्यांनी सीट हातात घेऊन उलटीपालटी केली. “बुधवारी घेऊन जाजा. तुमच्या बाबांले म्हना, नवीन गादीवर बसल्यावानी वाटन.”

जितेंद्र तोंडभरून आभार मानत गेला. बसणारा माणूस कसा आहे, हे ना त्यानं सांगितलं, ना शोभाताईंनी विचारलं. विचारायचं काय त्यात? सीट समोर होती.

दुपारी त्यांनी सीट उसवायला घेतली. रेक्झिनच्या चिंध्या सोडवता सोडवता कडेची पांढरी पायपिंग हाताला लागली. तिच्याशेजारी लाल दोऱ्याची दुहेरी शिलाई होती. शोभाताईंचा हात थांबला. नागपुरात काळ्या रेक्झिनवर लाल दोरा घालणारी एकच बाई होती आणि ती आत्ता चष्मा पुसत होती. ही सीट याच दुकानातून गेलेली. त्यांनी हजारो कव्हरं शिवली असतील, त्यातलं हे एक, पंधरा-अठरा वर्षांपूर्वीचं.

मग आत नत्थू असणारच.

फोमचा पिवळा भुगा झाला होता, तो त्यांनी झटकून टाकला. खाली काथ्या. काथ्याच्या खाली, डाव्या बाजूला, एक जाडजूड घडी निघाली, सुतळीनं शिवून पत्र्याला बांधलेली. सुतळीचे टाके सगळे उलट्या अंगाला कललेले. नत्थू डावखुरा होता. त्याचा टाका शंभरांत ओळखू यायचा.

शोभाताईंनी त्या टाक्यांवरून अंगठा फिरवला. सहा वर्षांत घरातलं त्याचं एकेक संपत गेलं होतं. कपडे देऊन टाकले, चप्पल गेली, मोबाइलमधला आवाजसुद्धा मोबाइल बिघडला तेव्हा गेला. आणि हा इथं, उंदरांपासून वाचून, काथ्याखाली बसला होता. त्यांचे डोळे भरून आले. देवाच्या दयेनं दुकानात कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी ते भरू दिले.

डोळे पुसून बघतात तर घडीवर निळे-लाल पट्टे. एवढी ओळखीची नक्षी! शोभाताईंनी कपाळावर हात मारला. ही त्यांची सतरंजी होती. आईनं उमरेडच्या हातमागावरून खास विणून आणलेली, लग्नातली. तिचा एक कोपरा हातभर गायब झालेला त्यांना एका दिवाळीच्या आवराआवरीत दिसला होता. शोभाताईंनी तेव्हा उंदरांना शिव्या घातल्या, पिंजरा आणला, शेजारणीच्या मांजराला दूध घालून घरात बोलावलं. नत्थू समोर बसून चिवडा खात होता आणि म्हणत होता, “उंदरं फार झाले वं आजकाल.”

“वा रे उंदरा,” शोभाताई मोठ्यानं म्हणाल्या आणि एकट्याच हसत सुटल्या.

हसू ओसरलं आणि त्यांच्यातली कारागीर जागी झाली. घडी डाव्या कडेला चांगली दोन बोटं जाड होती आणि मधल्या भागाकडे येता येता पातळ होत संपली होती. उजवीकडे काहीच नाही. म्हणजे काय झालं असेल ते उघड होतं. फोम कमी पडला असेल, हा घरात गेला असेल, सतरंजी दिसली असेल, कापून कोंबली असेल एका बाजूला. चालते! इतकी वर्षं तो म्हातारा वाकड्या सीटवर बसला आणि बोलला नाही, हा त्याचा मोठेपणा.

शोभाताईंनी नवऱ्याच्या वतीनं मनातल्या मनात रुपरावांची माफी मागितली आणि कामाला लागल्या. पत्र्याचा गंज घासला, रंग दिला. दोन स्प्रिंगा बदलल्या. नवा काथ्या, वर घट्ट फोम, दोन्हीकडे केसाचाही फरक नाही. तपकिरी रेक्झिन, पांढरी पायपिंग, लाल दोरा. बुधवारी सकाळी फळी टाकून वाटी ठेवली. पाण्याचा एक थेंब सांडला नाही. इतकी देखणी सीट त्यांच्या हातून वर्षभरात झाली नव्हती.

जुनं कव्हर त्यांनी नियमाप्रमाणे पोत्यात ठेवलं. गिऱ्हाईक बसून ‘बरं आहे’ म्हणेपर्यंत जुनं कव्हर टाकायचं नाही, ही दुकानाची पहिल्यापासूनची रीत. घडीचा मात्र त्यांना मोह झाला. नत्थूच्या हातचे टाके पोत्यात कसे टाकायचे? मशीनपुढच्या आपल्या स्टुलाची गादी उसवून त्यांनी घडी आहे तशीच आत सरकवली आणि शिवून टाकली. आता रोज आठ तास तो जवळ राहील, असं त्यांना वाटलं आणि फार बरं वाटलं.

गुरुवारी त्यांची कंबर दुखायला लागली. उजव्या बाजूनं बारीक कळ येत होती. शुक्रवारी दुपारपर्यंत ती पाठीत चढली. वयाचा दोष, असं म्हणून त्यांनी बाम चोळला.

शुक्रवारी संध्याकाळी जितेंद्रनं मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. जुने नटबोल्ट गंजलेले होते, त्यामुळे बुधवारी नेलेली सीट शुक्रवारी कुठे बसवून झाली होती. एका बाजूला कुंड्यांच्या रांगा, मध्ये रंग उडालेला लाल ठेंगू, त्याच्यावर शोभाताईंची सीट. दोन माणसांनी आधार देऊन रुपरावांना वर बसवलं. उंच, हाडकुळे, डोक्याला पांढरा रुमाल. बसल्या बसल्या त्यांनी सीटवरून हात फिरवला. “वा! काय सीट केली बाईनं!”

मग त्यांनी क्लचवर पाय ठेवला. पाय थरथरायला लागला. अंग हळूहळू डावीकडे कललं. त्यांनी उजव्या हातानं स्टिअरिंग घट्ट धरलं, सरळ झाले, पुन्हा कलले. दोन मिनिटं त्यांनी ओठ दाबून काढली. नंतर म्हणाले, “उतरवा गा मले.”

खाली उतरल्यावर ते दोघांच्या आधारानं मोबाइलकडे तोंड करून उभे राहिले आणि दोन्ही हात जोडले. “बाईले सांग जितेंद्र, सीट भल्ली चांगली झाली. तिचे उपकार आहे. तिच्या कामात काही नाही, माह्यातच राम नाही राह्यला. देऊन टाक ठेंगूले.”

व्हिडिओच्या खाली जितेंद्रनं लिहिलं होतं: रविवारी अकरा वाजता येतो म्हणाला तो. तुमचे खूप आभार ताई.

शोभाताईंना ते आभार टोचले. काम नावाजलं गेलं होतं, पण कामाचा उपयोग झाला नव्हता. असं त्यांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावला. म्हातारा बसतो, डावीकडे कलतो. पुन्हा लावला. बसतो, डावीकडे कलतो. तिसऱ्यांदा बघताना त्यांच्या कमरेत अशी सणक आली की त्या हातानं उजवी बाजू धरून उठल्याच.

उठल्या आणि स्टुलाकडे बघत राहिल्या.

मग त्यांनी फळी आणली, स्टुलावर टाकली. वाटी भरून तिच्यावर ठेवली. पाणी उजवीकडून भळाभळा सांडलं.

स्टूल सरळ होतं. गादीतली घडी डावी बाजू उचलून धरत होती, म्हणून सरळ कमरेची बाई तिच्यावर उजवीकडे कलत होती आणि दोन दिवस कण्हत होती. पण जो माणूस मुळातच डावीकडे खचतो, तो या घडीवर बसला तर? तो सरळ बसेल.

शोभाताईंनी पोतं ओतलं. जुन्या कव्हराच्या चिंध्या फरशीवर पसरून, जोडून बघितल्या. डाव्या बाजूची पट्टी उजवीपेक्षा बरोबर दोन बोटं रुंद कापलेली होती. कापणारा हात त्यांचाच. आता त्यांना अंधुक आठवलं. खडूनं आखून दिलेलं रेक्झिन हातात धरून त्या करवादल्या होत्या, “डावीकडे जास्त काहून?” आणि नत्थू म्हणाला होता, “काप ना वं. सांगतो तेवढं.” फोम कमी पडला म्हणून ही घडी आलीच नव्हती. कव्हर कापायच्या आधी ती ठरलेली होती. फोम दबतो, हातमागाची सतरंजी दबत नाही, म्हणून त्यानं घरातली सगळ्यात घट्ट वीण शोधून काढली होती. आणि बायकोला सांगायची छाती नव्हती म्हणून उंदरांवर ढकललं होतं.

पण त्याला कळलं कसं, हा डावीकडे खचतो ते?

शोभाताईंची नजर खिडकीजवळच्या लाकडी स्टुलाकडे गेली. त्याच्यावर आता रेक्झिनचे तुकडे रचलेले होते. बसा. चहा घ्या. गाव कोणतं? तो वरचा डबा द्या ना जरा. माणूस कुठल्या अंगावर भार देऊन बसतो, उठताना कुठे हात टेकतो, कुठली बाजू सांभाळतो, हे सगळं तो चहा पिता पिता बघत होता. अठ्ठावीस वर्षं त्या मशीनमागून डोळे वटारत होत्या आणि नवरा त्यांच्या देखत मापं घेत होता.

“चुकले मी,” शोभाताई म्हणाल्या. हे शब्द नत्थूला जिवंतपणी एकदाही ऐकायला मिळाले नव्हते.

शनिवारी त्यांनी शटर अर्धं ओढून घेतलं आणि जुन्या कव्हराच्या मापानं नवं कव्हर शिवलं, डावीकडे दोन बोटं जास्त. मग आपल्या स्टुलाची गादी उसवली. घडी बाहेर काढताना हात जरा घुटमळला. हुबेहूब अशी दुसरी घडी त्यांना करता आली असती. सतरंजी होती, सुतळी होती, दाभण होता. ही ठेवून ती द्यावी, कुणाला कळणार होतं? पण ही घडी नत्थूनं त्यांच्यासाठी शिवलेलीच नव्हती. ज्याची होती त्याच्याकडे परत जायला हवी होती. त्यांनी ती पिशवीत घातली आणि जितेंद्रला फोन लावला. “उद्या सकाळी मी येऊन राहिले. तो हॉटेलवाला येईल तं त्याले थांबवा.”

रविवारी साडेआठला उमरेडकडे जाणाऱ्या एसटीतून त्या नर्सरीपाशी उतरल्या. फाटकाशी खाटेवर रुपराव बसले होते. ठेंगू त्यांच्यासमोर उभा होता, धुऊन पुसून, सासरी निघालेल्या पोरीसारखा.

“या बाई,” रुपराव म्हणाले. “तुमी काहून तरास घेतला? सीट तं झकास आहे.”

“सीट झकास आहे काकाजी, पन तिच्यात माही एक चूक राह्यली. अर्ध्या तासाचं काम आहे. आधी चहा पाजाल का?”

चहा आला. शोभाताईंनी खाटेसमोरच्या बाकड्यावर बूड टेकलं आणि रुपरावांशी गप्पा लावल्या. आंबे कोणते लावले, हे विचारलं. बोलता बोलता म्हणाल्या, “तो पान्याचा गडू द्या ना जरा इकडे.” रुपराव डाव्या हाताचा रेटा देऊन वळले, गडू उचलला, पुन्हा बसताना डावं अंग खाली गेलं. दोन बोटं. बरोबर दोन बोटं.

गडू पुढे करता करता रुपराव हसले. “तुमच्या दुकानात मांगं एक मानूस होता. तो बी असाच कामं सांगे.”

“तो माहा नवरा.”

“अरे! नत्थूभाऊ? कसा आहे तो?”

“सहा वर्सं झाले त्यायले जाऊन.”

रुपरावांनी गडू खाली ठेवला. शोभाताई उठल्या आणि ठेंगूपाशी जाऊन पाना लावला.

सीट उलटी केली, कव्हर सोडलं, डावीकडचा काथ्या उपसला आणि घडी तिच्या जागी बसवली. पत्र्याला नत्थूनं पाडलेली चार भोकं होती. ती रंगवताना बुजवायची राहिली होती, ते एक बरं झालं. सुतळी त्याच भोकांतून ओवली. टाके मात्र उजव्या अंगाला कलले, त्याला इलाज नव्हता. जुने त्याचे, नवे यांचे, एकमेकांना छेदून गेले. वर फोम, वर नवं कव्हर. वाटी त्यांनी आणलीच नव्हती.

जितेंद्र आणि एका माणसानं रुपरावांना वर चढवलं.

रुपराव बसले. थोडे हलले. पुन्हा थोडे हलले, काहीतरी शोधत असल्यासारखे. मग त्यांचा उजवा हात स्टिअरिंगवरून सुटला आणि मांडीवर आला. पाठ सरळ होती. डावा पाय क्लचवर गेला, दाबला, सोडला, पुन्हा दाबला. कुणाकडे न बघता त्यांनी ठेंगू सुरू केला आणि लिंबाच्या रांगेत घातला.

आवाज लांब गेला. आमराईमागे गेल्यावर ऐकूही येईना. जितेंद्र टाचा उंचावून बघत होता. “जाऊन पाहू का?” त्यानं दोनदा विचारलं आणि शोभाताईंनी दोनदा त्याचा दंड धरून थांबवलं. पाऊण तास झाला. त्यानं खिशातून फोन काढला आणि हॉटेलवाल्याला म्हणाला, “भाऊ, येऊ नका तुमी. गाडी द्यायची नाही आपल्याले. नाही, पैशाचं काही नाही. मालक फिरायले गेला आहे तिच्यावर.” बोलता बोलता त्याचा आवाज फुटला आणि तो कुंड्यांच्या मागे निघून गेला.

रुपराव परत आले ते ओरडतच. “जितेंद्र! मांगच्या वाफ्यात गाजरगवत किती माजलं आहे! अन् केशरच्या कलमायले उन्हात कोनं ठेवलं? तीन वर्सं काय झोपा काढून राहिले होते तुमी?” जितेंद्र “हाव बाबा, हाव बाबा” करत शिव्या झेलत होता आणि त्याचा चेहरा लग्नातल्यासारखा फुलला होता.

ओरडून झाल्यावर रुपरावांनी ठेंगू शोभाताईंसमोर उभा केला. “बाई, काय टाकलं तुमी याच्यात?”

“मी काहीच नाही टाकलं काकाजी. नत्थूनं टाकलेलं मीच काढलं होतं. ते परत ठेवलं.” आणि त्यांनी घडीचं सगळं सांगितलं. सतरंजीचं, उंदरांचं, दोन बोटांचं. दुखऱ्या अंगाचं नाव मात्र घेतलं नाही.

रुपरावांचा हात हळूच डाव्या खुब्यावर गेला. जितेंद्र बघतच राहिला, कारण बाबा तिथे कधी कुणासमोर हात लावत नसत. जवानीत ट्रॉली अंगावर पालथी झाली होती. हाड जुळलं, पण वाकडंच जुळलं. त्यावर घरात बोलायची कुणाला परवानगी नव्हती.

“खाटेवर दुखे,” रुपराव म्हणाले. “एसटीत दुखे, पंगतीत दुखे. ठेंगूवर बसलो का दुखे नाही. एवढे वर्सं मले वाटे, हे यंत्रच मायाळू आहे.” त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. “त्या दिवशी त्यानं मले दोन तास बसवून ठेवलं. मी चिडलो. म्हटलं, सीट करता का वरात काढता? हासला नुसता. एका शब्दानं बोलला नाही.”

“बोलाले पाह्यजे होतं त्यायनं.”

“नाही बाई. बोलला असता तं मी सीट उचलून घरी आलो असतो.” ते शोभाताईंकडे वळले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले. हात जोडताना तोल जात नव्हता. “मले माहीतच नव्हतं. मानूस गेला, अन् मी आभार नाही मानले त्याचे.”

शोभाताईंनाही पुढचं धड दिसेना. “मले काहून हात जोडून राहिले काकाजी? मी तं उपटून फेकलं होतं. तुमी रोज बसा याच्यावर. त्याले पोचते.”

“बसतो,” रुपराव म्हणाले. “रोज बसतो.”

परतीच्या एसटीत शोभाताईंना खिडकीची जागा मिळाली. कंबर आता दुखत नव्हती आणि त्याची त्यांना जराशी चुटपुट लागली. नवऱ्याशी त्या मनात खूप बोलल्या. एवढा शहाणा होतास तर एकदा सांगायचं होतंस, असं म्हणाल्या. मग आठवलं की आपण ऐकून घेतलं नसतं. मग फक्त आभार मानले, सतरंजीसकट सगळ्याचे. दिघोरी आली तेव्हा शेजारच्या बाईनं विचारलं, तब्येत बरी आहे ना? शोभाताई म्हणाल्या, “बरी म्हनजे? एकदम झकास.”

सोमवारी त्यांनी दुकान उघडलं, खिडकीजवळच्या स्टुलावरचे रेक्झिनचे तुकडे उचलून कोपऱ्यात टाकले आणि स्टूल पुसलं. अकराच्या सुमाराला एक तरुण घाईघाईनं आला. हातात स्कूटरची सीट.

“काकू, ही लवकर करून द्या. मी घाईत आहो.”

शोभाताईंनी सीटकडे पाहिलं नाही. “कोन बसते याच्यावर?”

“माही आई. कामावर जाते ती स्कूटरनं.”

“मंग आईले घेऊन ये.”

“आईले? आईले काहून? सीट आनली ना मी.”

“सीट राहू दे इथंच,” शोभाताई म्हणाल्या. “आईले आन. चहा मी पाजते.”